जबाबदारी वाढली, पद तेच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीला लागून काही वर्षं झाली. नवीन येणाऱ्यांना कामाला तुम्ही लावता, साहेब रजेवर असले की फोन तुम्हालाच येतात, आणि पदनाम मात्र रुजू झाल्या दिवशीचंच आहे. अशा माणसांकडून जे प्रश्न सारखे येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं थोडी रोखठोक आहेत. धीर द्यायला घरचे असतात, इथे कामाचं बोलू.

खरंच माझी जबाबदारी वाढली आहे, की नुसतं काम वाढलंय?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, पण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. आधी रोज वीस अर्ज तपासत होतात, आता चाळीस तपासता, हे काम वाढणं झालं. कोणता अर्ज मंजूर करायचा आणि कोणता परत पाठवायचा हे आता तुम्ही ठरवता, ही जबाबदारी झाली. पहिल्यात थकवा जास्त असतो, म्हणून तेच मोठं वाटतं.

मोठ्या संस्थांमध्ये पदांच्या श्रेणी कशा ठरतात हे एकदा समजून घ्या. जगभर वापरली जाणारी एक पद्धत एडवर्ड हे (Hay) या अमेरिकी सल्लागाराच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात मुख्यतः तीन गोष्टींना गुण मिळतात: कामाला लागणारं ज्ञान, स्वतःच्या डोक्याने सोडवावे लागणारे प्रश्न, आणि निर्णयाच्या परिणामांचं उत्तरदायित्व. किती तास बसलात, किती फाइली उरकल्यात, याला त्या हिशोबात जागा नाही. एलियट जॅक्स या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनीत काम करताना आणखी साधं माप सुचवलं. वरिष्ठाने तपासायच्या आत माणूस किती काळ स्वतःच्या अकलेने काम करत राहतो, त्यावरून पदाची पातळी ओळखावी. रोज संध्याकाळी ज्याचं काम तपासलं जातं तो एका पातळीवर, आणि ज्याच्या निर्णयाचं बरंवाईट सहा महिन्यांनी कळतं तो दुसऱ्या.

आता स्वतःला विचारा. कोणालाही न विचारता मी काय ठरवू शकतो? चुकलं तर जाब कोणाला? माझ्या कामाचा पल्ला आजच्या दिवसाचा आहे की पुढच्या तिमाहीचा? उत्तरं ‘काहीच नाही’, ‘साहेबांना’ आणि ‘आजचा’ अशी येत असतील, तर तुमची तक्रार बढतीची नसून कामाच्या वाटपाची आहे. तीही रास्तच आहे, पण ती वेगळ्या शब्दांत मांडावी लागते.

यात एक तिसरा प्रकारही असतो आणि तो सगळ्यात वाईट: जाब तुम्हाला, निर्णय साहेबांचा. त्याला जबाबदारी म्हणत नाहीत, बळीचा बकरा म्हणतात.

चांगलं काम दिसतंय सगळ्यांना. मग बढती आपोआप का मिळत नाही?

कारण काम देणं आणि पद देणं हे दोन वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांकडून होतं. काम तुमचा बॉस मंगळवारी दुपारी तोंडी देऊ शकतो. ‘जरा हे तू बघ’ एवढं म्हटलं की झालं. पदासाठी मात्र त्याला वर मागणी करावी लागते, एचआरला कारण लिहून द्यावं लागतं, बजेटमध्ये पैसा दाखवावा लागतो. बऱ्याच ठिकाणी मंजूर जागांची संख्याही ठरलेली असते. म्हणजे काम फुकट वाढवता येतं आणि पद वाढवायला खर्च येतो. हे कोणी दुष्टपणाने करतं असं नाही. ज्या दिशेला उतार आहे तिकडे सगळं वाहत जातं, एवढंच.

शिवाय बढतीची चर्चा होते त्या खोलीत तुम्ही नसता. तिथे तुमच्या बॉसला तुमच्याबद्दल दोन-तीन वाक्यं बोलायला मिळतात आणि समोर बसलेल्या बाकीच्या बॉसांकडेही आपापली माणसं असतात. ‘खूप मेहनती आहे’ हे वाक्य तिथे जवळजवळ प्रत्येकाबद्दल उच्चारलं जातं, त्यामुळे त्याची किंमत शून्य. ‘गेल्या सहा महिन्यांत ग्राहकांच्या तक्रारींचा निपटारा हीच करते आहे, माझ्याकडे एकही आलेली नाही’ या वाक्याला वजन असतं. हे वाक्य बॉसला आपणहून सुचेल असं धरून चालू नका. त्याच्या हातात तयार वाक्य देणं हे तुमचंच काम आहे.

आणि तिसरं कारण, जे कोणी तोंडावर सांगत नाही: तुमच्या आत्ताच्या पदावर तुमच्यासारखं काम करणारा माणूस बॉसला त्याच पगारात दुसरा मिळणार नाही. तुम्हाला वर पाठवण्यात त्याचं नुकसान आहे.

म्हणजे मी फार उपयोगी आहे म्हणून अडकलो आहे?

असू शकतं. एखादा अहवाल फक्त तुम्हालाच काढता येतो, एखादी जुनी प्रणाली फक्त तुम्हालाच कळते, एखादा चिडका ग्राहक फक्त तुमच्याशीच नीट बोलतो. यात सुरक्षित वाटतं. पण ज्याच्यावाचून अडतं त्याला कोणी हलवत नाही, ना खाली ना वर.

यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे: ते काम लिहून काढा, पायऱ्या पाडा, दुसऱ्या कोणाला तरी शिकवा. अनेकांना भीती वाटते की शिकवलं तर आपली गरज संपेल. ज्या कामाने वर्षानुवर्षं पद वाढलेलं नाही त्या कामाची मक्तेदारी राखून मिळतं काय? शिवाय ‘मी गेलो तर माझ्या जागेवर कोण?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार असेल, तर बॉसची सगळ्यात मोठी सबब जाते. शिकवताना मात्र ते उघडपणे शिकवा. बॉसला सांगून, तारीख ठरवून, ‘पुढच्या महिन्यापासून हा अहवाल अमुक काढेल, मी फक्त तपासेन’ असं. गुपचूप शिकवलंत तर काम दोघांकडे राहतं आणि श्रेय कोणाकडेच जात नाही.

बैठकीच्या नोंदी, नवीन माणसांची ओळखपाळख, निरोप समारंभ, सगळं माझ्याच गळ्यात पडतं. याचा बढतीत उपयोग होतो का?

सहसा नाही. ही कामं कोणीतरी करावीच लागतात, झाली नाहीत तर सगळ्यांना खटकतं, पण झाली म्हणून कोणाची श्रेणी वाढत नाही.

लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये अशाच कामांवर संशोधन प्रसिद्ध केलं. स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटात, कोणीतरी करायलाच हवं पण करणाऱ्याला तोटा, असं काम पुढे आलं की स्त्रिया पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा पुढे होत होत्या. कोणाला विचारायचं हे ठरवण्याची वेळ आली तेव्हा स्त्रियांना ४४ टक्के जास्त वेळा विचारलं गेलं, आणि विचारणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. विचारल्यावर ७६ टक्के वेळा स्त्रिया हो म्हणाल्या, पुरुष ५१ टक्के. गंमत अशी की गटात फक्त पुरुष असले की तेही तितक्याच वेळा पुढे येत होते. म्हणजे हा स्वभावाचा भाग कमी आणि ‘ती करेलच’ या अपेक्षेचा जास्त.

म्हणून सरळ ‘नाही’ म्हणण्यापेक्षा पाळी लावायला सांगणं मला जास्त पटतं. ‘या वेळच्या नोंदी मी घेतल्या, पुढच्या बैठकीपासून आळीपाळीने घेऊ, यादी मी करून देते.’ यावर भर बैठकीत कोणी हरकत घेत नाही. एकदा पाळी लागली की मग ती मोडू देऊ नका, कोणी ‘आज जरा तू घे ना’ म्हटलं तरी.

बॉसशी हे बोलायचं कसं? मला भांडण नकोय.

भांडण नकोच. पण वार्षिक अप्रेझलच्या मुलाखतीत हा विषय पहिल्यांदा काढलात, तर उशीर झालेला असतो. तोवर आकडे ठरून वर गेलेले असतात आणि बॉसच्या हातात फक्त तुम्हाला समजावणं उरलेलं असतं. बजेट कधी बनतं आणि बढतीची नावं कधी जातात हे एचआरला किंवा जुन्या सहकाऱ्याला विचारून घ्या, आणि त्याच्या तीन-चार महिने आधी स्वतंत्र वेळ मागा. जाता जाता, जिन्यात, चहाच्या वेळी नको.

जाण्याआधी एक पान तयार करा. एकच. डाव्या बाजूला रुजू होताना दिलेलं कामाचं वर्णन, उजव्या बाजूला आज प्रत्यक्ष करत असलेलं काम, आणि प्रत्येकासमोर ते कधीपासून. ‘सगळं मीच करतो’ असं वाक्य त्यात नको. ‘मार्चपासून पुरवठादारांचे दर मी ठरवतो, १० हजारांपर्यंतच्या खरेदीला तुमची सही लागत नाही’ असं हवं. आपल्या वरच्या पदाचं लेखी वर्णन मिळालं तर उत्तम. त्यातल्या कोणत्या गोष्टी तुम्ही आधीच करता आणि कोणत्या नाही, दोन्ही खुणा करा. ‘नाही’च्या खुणा लपवू नका, त्यांच्यामुळेच बाकीच्यांवर विश्वास बसतो.

बोलताना साधारण असं: ‘सर, गेल्या वर्षभरात माझ्याकडे ही कामं आली. मला ती आवडतात आणि पुढेही करायची आहेत. ही कामं वरच्या पदाच्या वर्णनात बसतात असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं? आणि बसत असतील तर त्या पदासाठी माझं नाव पुढे जायला काय लागेल?’ एवढं बोलून थांबा. गप्प बसणं अवघड जातं, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस ‘म्हणजे घाई नाही, जमेल तसं’ असं बोलून आपलीच मागणी मागे घेतो.

घरखर्च, कर्ज, शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा पगार, हे विषय काढू नका. खरे असतात, पण त्यांच्यावर बॉस वर जाऊन काही मागू शकत नाही.

बैठक झाल्यावर त्याच दिवशी चार ओळींची मेल टाका: काय बोलणं झालं, काय ठरलं, पुन्हा कधी भेटायचं. धमकीच्या सुरात नाही, आभार मानूनच. तोंडी आश्वासनाचं आयुष्य फार कमी असतं. बॉस बदलला की ते संपतं, आणि बॉस बदलतातच.

‘थोडं थांब, पुढच्या वेळी नक्की बघू’ असं सांगितलंय. किती थांबू?

‘थांब’ या उत्तराचे दोन प्रकार असतात. एकात कारण, तारीख आणि नाव असतं: ‘या वर्षी भरती बंद आहे, एप्रिलमध्ये नवीन बजेट येईल, निर्णय अमक्यांचा आहे, मी फेब्रुवारीत तुझं नाव देतो.’ अशा उत्तरासाठी थांबावं. दुसऱ्यात फक्त सूर असतो: ‘तुझ्यावर लक्ष आहे’, ‘योग्य वेळी होईल’, ‘तू काळजी करू नकोस’. यातून काही निघत नाही.

माझं मत: बढतीची एक पूर्ण फेरी जाऊ द्या, ती चुकली तर कारण विचारा. दुसऱ्या फेरीत कारण बदललेलं असेल, म्हणजे आधी ‘अनुभव कमी’ आणि आता ‘बजेट नाही’, तर खरं कारण तिसरंच आहे आणि ते तुम्हाला कोणी सांगणार नाही. तेव्हा बाहेर बघायला लागा. तेच कारण असेल आणि त्यावर तुम्ही खरोखर काही केलेलं असेल, तर आणखी एकदा बोलण्यात अर्थ आहे.

पगार वाढवत नाहीत, पण पदनाम द्यायला तयार आहेत. घेऊ का?

घ्या, पण लेखी घ्या. नवीन पदनामाचं पत्र, तारखेसह. पुढच्या नोकरीत तुमच्या नावाआधी पदनाम वाचलं जातं. सोबत पगाराचा फेरविचार कधी होईल याची तारीखही त्याच पत्रात मागून बघा. देतीलच असं नाही.

उलट प्रस्ताव आला, म्हणजे पैसे थोडे वाढवतो पण पद तेच, तर जास्त विचार करा. सुरुवातीच्या वर्षांत मला पद महत्त्वाचं वाटतं, कारण पुढचे सगळे पगार त्याच्यावर ठरतात. घरची निकड असेल तर अर्थातच पैसे.

माझ्याकडे वरच्या पदाचा ‘तात्पुरता’ कार्यभार आहे. तो संपतच नाही.

तात्पुरत्या कार्यभाराला सुरुवातीलाच तीन गोष्टी लागतात: शेवटची तारीख, त्या काळातला भत्ता, आणि नंतर काय याचा खुलासा. तेव्हा विचारलं नसेल तर आत्ता विचारा: ‘या महिन्याअखेर हा कार्यभार कायम होईल की परत जाईल?’ दोन्हींपैकी एक, तिसरा पर्याय देऊ नका. बरेच दिवस चाललेली तात्पुरती व्यवस्था सगळ्यांना सोयीची होऊन बसते, फक्त ती चालवणाऱ्याला नाही.

जागेची जाहिरात निघाली तर रीतसर अर्ज करा. ‘मी तर करतोच आहे, मला काय अर्ज करायचा’ या भरवशावर राहिलेल्यांची जागा बाहेरच्याला गेल्याचं अनेकदा दिसतं.

वैतागून जादाचं काम बंदच करून टाकू का?

एकदम सगळं बंद केलंत तर तुम्ही वरच्या पदाला लायक नाही याचा पुरावा तुम्हीच दिलात. निवडून बंद करा. पहिल्या प्रश्नातली चाळणी इथे वापरा. ज्या कामात तुम्ही निर्णय घेता, जे रेझ्युमेवर लिहिता येईल, ते ठेवा. ज्यात फक्त वेळ जातो ते परत करा, आणि परत करताना निवड बॉसवर सोडा: ‘या आठवड्यात हे दोन्ही होणार नाहीत, कोणतं आधी करू?’

माझ्यानंतर आलेल्या माणसाला मीच शिकवलं, आणि त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त. हे कसं काय?

हे इतकं सर्रास होतं की त्याचा अभ्यास झाला आहे. मॅथ्यू बिडवेल या अभ्यासकाने २०११ मध्ये एका मोठ्या गुंतवणूक बँकेच्या नोंदी तपासून दाखवलं, की त्याच प्रकारच्या पदावर बाहेरून घेतलेल्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा साधारण १८ ते २० टक्के जास्त पगार मिळत होता. आणि पहिली दोन वर्षं त्यांच्या कामाचं मूल्यमापन आतल्यांपेक्षा खालचं होतं. सोडून जाण्याचं किंवा काढलं जाण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त.

कारण उघड आहे. बाहेरच्याचा पगार बाजारात ठरतो, त्याच्या हातात दुसरी ऑफर असते. तुमचा पगार तुमच्याच गेल्या वर्षीच्या पगारावर काही टक्के चढवून ठरतो. पाया खाली असला की टक्केवारी कितीही चांगली आली तरी अंतर राहतं. त्या नव्या माणसावर राग धरू नका, त्याने फक्त योग्य दारातून प्रवेश केला. मात्र बोलणी करताना त्याचा पगार पुढे करण्याऐवजी बाजारात त्या कामाचा दर काय चालतो याची माहिती काढून ठेवा. दोन-तीन ठिकाणी मुलाखती दिल्याशिवाय ती खात्रीची मिळत नाही, म्हणून नोकरी सोडायची नसली तरी अधूनमधून मुलाखत द्यावी.

मी तीन नोकऱ्या बदलल्या. दर वेळी पुन्हा तळापासूनच सुरुवात. असं का होतं?

बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. पहिलं, तुम्ही नोकरीबरोबर क्षेत्रही बदलता. नवीन क्षेत्रात तुमचं ज्ञान शून्य धरलं जातं आणि बाकीच्या गोष्टी, म्हणजे माणसं सांभाळणं, वेळेत काम संपवणं, चिडलेल्याला शांत करणं, या जाहिरातीत लिहिलेल्या असल्या तरी श्रेणी ठरवताना मोजल्या जात नाहीत. क्षेत्र बदलायचंच असेल तर काम तेच ठेवा, आणि काम बदलायचं असेल तर क्षेत्र तेच ठेवा. दोन्ही एकदम बदललं की माणूस फ्रेशरच्या रांगेत जातो.

दुसरं कारण जास्त चिवट आहे: काही कामांना वरची पायरीच नसते. अर्थशास्त्रात एक जुनी मांडणी आहे, की काही नोकऱ्या आतल्या शिडीच्या पहिल्या पायरीवरच्या असतात आणि काही शिडीला जोडलेल्याच नसतात. स्वागतकक्ष, माहिती भरणं, ठरलेल्या मजकुरावर चालणारं कॉल सेंटर, लहान दुकान किंवा कार्यालय जिथे मालक आणि तुम्ही एवढेच. तिथे कितीही जबाबदारी घेतली तरी जाणार कुठे? मालकाच्या खुर्चीत?

ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या आधी तुमच्या जागेवर जे होते ते आता कुठे आहेत, हे शोधा. त्याच संस्थेत वर गेलेले दिसले तर शिडी आहे. सगळे बाहेर गेलेले, तेही दुसरीकडे त्याच पदावर, तर नाही. मग सारखीच दुसरी नोकरी शोधण्यात हशील नाही. शिडीला जोडलेलं शेजारचं काम शोधावं लागतं: माहिती भरणाऱ्याने ती माहिती तपासण्याचं, स्वागतकक्षातल्याने कार्यालयीन व्यवस्थापनाचं, कॉल सेंटरवाल्याने नवीन लोकांच्या प्रशिक्षणाचं किंवा गुणवत्ता तपासणीचं. जादा घेतलेल्या जबाबदाऱ्या इथे कामी येतात, कारण त्यातली एखादी सहसा याच शेजारच्या कामाची असते.

पदनाम ज्युनियर, काम सीनियरचं. रेझ्युमेत काय लिहू?

पदनाम खरं तेच लिहा. जुन्या कंपनीकडे चौकशी होते आणि तिथे अधिकृत पदनामच सांगितलं जातं. ते जुळलं नाही तर हातातली ऑफर जाते.

पण पदनामाच्या खालची ओळ तुमची आहे. ‘टीमला मदत केली’, ‘समन्वय साधला’, ‘सहभाग होता’ अशी क्रियापदं खोडून टाका, ती मदतनिसाची आहेत. त्याऐवजी: ‘पाच जणांच्या पाळ्यांचं वेळापत्रक आखते आणि रजा मंजूर करते.’ ‘महिन्याचा हिशोब बंद करण्याची जबाबदारी, आधी हे काम विभागप्रमुखांकडे होतं.’ हा शेवटचा तुकडा फार उपयोगी आहे. आधी ते काम कोणाकडे होतं हे लिहिलं की वाचणाऱ्याला तुमची खरी पातळी न सांगता कळते. संख्या घाला, पण ज्या विचारल्यावर समजावून सांगता येतील त्याच.

‘तीन वर्षांचा अनुभव हवा’ असं जाहिरातीत असेल आणि तुमचा अडीच वर्षांचा असेल तर अर्ज करा. बहुतेक जाहिराती इच्छा-यादीसारख्या लिहिलेल्या असतात.

माझ्या कोणाशी ओळखी नाहीत. मग?

जवळच्या ओळखी लागतात हा समजच चुकीचा आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती बातमी क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. जवळच्या मित्रांना तेच ठाऊक असतं जे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा सोडून गेलेल्या जुन्या सहकाऱ्याला, दुसऱ्या विभागातल्या त्या एका माणसाला विचारा. नोकरी मागू नका, त्यांच्याकडे हे काम कसं चालतं ते विचारा. मागितली की संभाषण तिथेच संपतं.

पण कदाचित मलाच काही कमी असेल?

असेलही. ही शक्यता नाकारून चालत नाही, आणि सदैव तीच धरूनही चालत नाही.

बॉसला ‘मी कुठे कमी पडतो?’ असं विचारलं तर ‘छे, चांगलं चाललंय’ असं उत्तर येतं, कारण कोणाला अवघड बोलायचं नसतं. प्रश्न बदलून बघा: ‘उद्या मला त्या पदावर बसवलं, तर तुम्हाला पहिली काळजी कशाची वाटेल?’ याला लोक खरं उत्तर देतात. काही वेळा ते अनपेक्षित असतं. काम उत्तम, पण लिहिणं कच्चं. किंवा काम उत्तम, पण बैठकीत तोंड उघडत नाही, त्यामुळे दोन पायऱ्या वरच्यांना हा माणूस अस्तित्वात आहे हेच माहीत नाही. हे सुधारता येतं.

‘अजून परिपक्वता हवी’ असं उत्तर आलं तर एखादा प्रसंग विचारा, जिथे ती कमी दिसली. प्रसंग सांगता आला नाही तर ते उत्तर बाजूला ठेवा.

आणि एक वेगळीच शक्यता: तुम्हाला काम आवडतं, पण वरचं पद म्हणजे माणसं सांभाळणं, आणि ते तुम्हाला नकोय. कुशल कामगाराचा हटकून चांगला अधिकारी होतोच असं नाही. विक्रीच्या क्षेत्रातल्या एका मोठ्या अभ्यासात (तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला) सर्वोत्तम विक्रेत्यांना बढती दिली गेली, पण त्यांच्या हाताखालच्या टीमची कामगिरी उलट खाली गेली. काही संस्थांमध्ये माणसं न सांभाळता वर जाण्याची तज्ज्ञांची वेगळी वाट असते. ती आहे का हे विचारण्यात कमीपणा नाही.

राजीनामा दिल्यावर बढती देऊ करतात. राहू का?

मला हे सौदे आवडत नाहीत. जे दोन वर्षं शक्य नव्हतं ते दोन दिवसांत शक्य झालं, म्हणजे ते आधीही शक्य होतं. तरी एक अपवाद: तुमचा बॉस खरोखर वर झगडत होता आणि तुमच्या राजीनाम्याने त्याच्या हातात हत्यार मिळालं, असं तुम्हाला नक्की ठाऊक असेल, तर पत्र हातात येईपर्यंत नवीन ठिकाणी नकार कळवू नका.

नवीन नोकरीत पुन्हा हेच होऊ नये म्हणून मुलाखतीत काय विचारू?

‘इथे वाढीच्या संधी आहेत का?’ असं विचारू नका, उत्तर नेहमी ‘भरपूर’ असंच असतं. हे विचारा: ही जागा का रिकामी झाली, आधीचा माणूस कुठे गेला? या पदावरून वर गेलेली शेवटची व्यक्ती कोण आणि तिला किती काळ लागला? बढतीचा निर्णय वर्षातून किती वेळा आणि कोण घेतं? कोणते निर्णय मी विचारल्याशिवाय घेऊ शकेन?

शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस थबकला, आणि ‘सुरुवातीला सगळं विचारूनच’ असं म्हणाला, तर ‘सुरुवात म्हणजे किती महिने?’ हेही लगेच विचारा. जे उत्तर मिळेल ते ऑफर लेटर स्वीकारतानाच्या मेलमध्ये एका ओळीत लिहून टाका, आणि रुजू झाल्यावर तेवढे महिने संपले की ती मेल उघडून बॉसकडे वेळ मागा.